कोऱ्या एटीमेगा३२८पीवर यूएआरटी : टर्मिनलवर नुसता कचरा येतोय

शिवारकर

नमस्कार मंडळी,

शेतातल्या विहिरीवरच्या पंपासाठी मोबाइल स्टार्टर बनवतोय. आमच्याकडे थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली की एसएमएस यावा, आणि आपण एसएमएस पाठवला की मोटर चालू-बंद व्हावी, एवढंच हवंय. तयार स्टार्टर बाजारात मिळतात याची कल्पना आहे. पण स्वतः केलेलं बिघडलं तर दुरुस्तही स्वतःला करता येतं, म्हणून हा खटाटोप.

ऊनो बोर्डावर (एटीमेगा३२८पी हीच मायक्रोकंट्रोलर आयसी असलेला तयार बोर्ड) कोड नीट चालला. यूएआरटी (तारेवरून एकेक बिट पाठवणारी सिरियल पद्धत) ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. कोड साध्या सीमध्ये, बॉड ठरवणाऱ्या यूबीआरआर० रजिस्टरमध्ये १०३. आता बोर्ड बाजूला ठेवून नवीन एटीमेगा३२८पी ब्रेडबोर्डवर लावली. १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, दोन्ही पायांना २२ पिकोफॅरड, ५ व्होल्ट पुरवठा. सीएच३४० वाला यूएसबी-टीटीएल (आयसीचे सिरियल पाय लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा अडॅप्टर) लावून लॅपटॉपवर पाहिलं तर टर्मिनलवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. कोड तोच, क्रिस्टल तेवढ्याच मेगाहर्ट्‌झचा. दुकानदार म्हणतो आयसी खराब असेल, दुसरी घेऊन जा. मला ते पटत नाही, कारण प्रोग्रॅम व्यवस्थित चढतोय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

खटपट्या

आधी सोप्या गोष्टी. टीएक्स (पाठवणारा पाय) समोरच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पायाला) आणि आरएक्स समोरच्या टीएक्सला आहे ना? दोन्हीकडचा ग्राउंड जोडलाय ना? आणि यूएसबी-टीटीएलची तपासणी वेगळी करा. आयसी पूर्ण काढून त्याच्याच टीएक्स-आरएक्सला एक वायर लावा. जे टाइप कराल ते स्क्रीनवर परत आलं की केबल, ड्रायव्हर आणि टर्मिनल तिन्ही ठीक आहेत असं समजा.

शिवारकर

@खटपट्या, धन्यवाद. वायर लावून पाहिली, टाइप केलेलं सगळं जसंच्या तसं परत येतंय. ग्राउंड एकच आहे, टीएक्स-आरएक्सही उलटसुलट तपासले.

मुक्ता_सं

शिवारकर, यूएआरटी थोडा वेळ बाजूला ठेवा. एका पायाला एलईडी लावून एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असा प्रोग्रॅम चढवा. एफ_सीपीयू (कोडात लिहिलेला क्लॉकचा वेग) आत्ता आहे तेच, १६ मेगाहर्ट्‌झ, राहू द्या. मग घड्याळ हातात घेऊन बघा एलईडी प्रत्यक्षात किती वेळ चालू राहतो.

शिवारकर

ताई, पाहिलं. एकदा लागला की बराच वेळ विझतच नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं तर १६ सेकंद भरले. असं का होत असेल?

मुक्ता_सं

मग तुमची आयसी अगदी ठणठणीत आहे, दुसरी घेऊ नका.

कारखान्यातून येणारी कोरी एटीमेगा३२८पी बाहेरचा क्रिस्टल वापरतच नाही. ती आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या आरसी ऑसिलेटरवर चालते, आणि त्यात सीकेडीआयव्ही८ नावाचा फ्यूज (वितळणारी तार नव्हे, आयसीत लिहून ठेवलेली सेटिंग) आधीच लावलेला असतो, म्हणजे त्या ८ लाही ८ ने भागलेलं असतं. उरतो १ मेगाहर्ट्‌झ. तुम्ही बसवलेला क्रिस्टल नुसता शेजारी उभा आहे, त्याच्याकडे कोणी बघतही नाहीये. ऊनोवरच्या आयसीचे फ्यूज आधीच बदललेले असतात, म्हणून तिथे हाच कोड चालला.

कोडमध्ये एफ_सीपीयू १६ मेगाहर्ट्‌झ लिहिलं म्हणून आयसी १६ वर धावत नाही. तो आकडा फक्त कंपायलरसाठी असतो, त्यावरून तो डिलेचे आणि बॉडचे हिशेब करतो. आयसी किती वेगाने धावणार हे फ्यूज ठरवतात. हे दोन्ही जुळवण्याचं काम आपलं.

आता बॉडचा हिशेब बघा. साध्या मोडमध्ये बॉड = क्लॉक ÷ (१६ × (यूबीआरआर + १)). तुमचा यूबीआरआर १०३, म्हणजे भाजक १६ × १०४ = १६६४. क्लॉक १ मेगाहर्ट्‌झ असेल तर उत्तर येतं ६०१. तुमची आयसी सगळा वेळ साधारण ६०० बॉडने शहाण्यासारखी बोलतेय आणि लॅपटॉप ९६०० ने ऐकतोय. टर्मिनल ६०० वर लावून बघा. पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हवा तो आकडा टाकता येतो.

शिवारकर

आलं ताई! ६०० वर टाकल्याबरोबर एकेक अक्षर स्वच्छ उमटलं, सावकाश पण अचूक. खूप खूप आभार.

आता फ्यूज बदलायला हवेत ना? त्याचीच भीती वाटतेय. चुकीचा फ्यूज टाकला की आयसी कायमची जाते असं जागोजाग वाचलंय.

मुक्ता_सं

कायमची जात नाही, बहुतेक वेळा फक्त गप्प होते. आधी तिन्ही फ्यूज वाचून वहीत लिहून ठेवा. कोऱ्या ३२८पीचा लो फ्यूज हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ६२ असतो. बाहेरचा क्रिस्टल वापरायचा तर तो हेक्स एफएफ करा. फक्त लो फ्यूज. हाय आणि एक्स्टेंडेड फ्यूजला हात लावू नका. हाय फ्यूजमधल्या रीसेट आणि एसपीआयच्या बिटांशी खेळलात तर मात्र साध्या प्रोग्रॅमरने आयसी परत हाती येत नाही.

हेक्स एफएफ लिहिल्यावर क्रिस्टल नीट बसलेला नसेल तर आयसीला क्लॉकच मिळणार नाही आणि प्रोग्रॅमरला ती दिसेनाशी होईल. तसं झालं तर घाबरू नका. दुसऱ्या बोर्डावर एखाद्या पायावर १ मेगाहर्ट्‌झच्या आसपासची चौकोनी लाट काढा, ती ९ नंबरच्या पायाला द्या, ग्राउंड जोडा आणि फ्यूज पुन्हा लिहा. आयसी परत येते.

क्रिस्टल नको असेल तर लो फ्यूज हेक्स ई२ करून आतल्या ८ मेगाहर्ट्‌झवरही चालवता येईल. मात्र तुमचं काम शेतातल्या पेटीतलं आहे, म्हणून मी ते सुचवणार नाही. कारखान्यातून आलेल्या आरसी ऑसिलेटरची अचूकता डेटाशीटमध्ये ±१० टक्के दिली आहे. आपण स्वतः कॅलिब्रेट करून ती १ टक्क्यापर्यंत आणता येते, पण तापमान आणि व्होल्टेज बदललं की आकडा परत सरकतो. टेबलावर उत्तम चाललेली यूएआरटी एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या पेटीत रुसते, आणि संध्याकाळी तुम्ही तपासायला जाता तेव्हा पुन्हा नीट चालत असते. असा दोष शोधणं फार जिवावर येतं.

जुना_मास्तर

मुक्ताताईंनी नेमकं निदान केलं. पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं मायक्रोकंट्रोलर शिकवला, त्यामुळे ‘किती चूक चालते’ हा भाग मांडावासा वाटतो. मुलं सूत्र पाठ करतात पण इथे अडखळतात.

यूएआरटीमध्ये क्लॉकची वेगळी तार नसते. दोन माणसांनी डोळे मिटून एकाच तालावर पावलं टाकायची, तसा हा प्रकार. स्टार्ट बिटची कड दिसली की ऐकणारा आपलं मोजमाप सुरू करतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर जाऊन रेषा वर आहे की खाली ते बघतो. एव्हीआर, म्हणजे ३२८पीच्या घराण्यातली आयसी, एका बिटाचे १६ भाग करते, त्यातल्या ८, ९ आणि १० व्या भागाला नमुने घेते आणि बहुमताने निकाल देते. पुढच्या स्टार्ट बिटला मोजमाप पुन्हा शून्यापासून. त्यामुळे चूक साठते ती एका बाइटपुरतीच.

८-एन-१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) मध्ये स्टार्ट बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात. स्टॉप बिटचा मध्य सुरुवातीपासून साडेनऊ बिटांवर येतो. तिथपर्यंत पोचताना घसरण अर्ध्या बिटाच्या आत राहिली पाहिजे. ०.५ भागिले ९.५, म्हणजे सुमारे ५ टक्के. ही दोन्ही टोकांची मिळून अगदी टोकाची मर्यादा झाली. कडा झिजलेल्या असतात, नमुन्यांची जागा थोडी मागेपुढे होते, म्हणून एव्हीआरची डेटाशीट ८ डेटा बिटांना साध्या मोडमध्ये ±२ टक्के आणि डबल स्पीडमध्ये ±१.५ टक्के एवढीच चूक धरायला सांगते.

आता ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरचं उदाहरण घ्या. प्रयोगशाळेत ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल का, हा प्रश्न दरवर्षी यायचा. ११०५९२०० ला आधी १२ ने, मग ३२ ने भागा. येतात २८८००. टायमर १ च्या टीएच१ मध्ये हेक्स एफडी टाकला की आणखी ३ ने भागलं जातं आणि मिळतात बरोबर ९६००. शेष काही नाही. त्याच जागी १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावला तर ३१२५० भागिले ३, म्हणजे १०४१७. साडेआठ टक्के चूक, टर्मिनलवर कचरा. त्याच १२ वर २४०० बॉड मात्र सुरेख चालतो, कारण ३१२५० भागिले १३ म्हणजे २४०४. क्रिस्टल चांगला की वाईट असं काही नसतं. तुम्हाला हव्या त्या बॉडने त्याला निःशेष, निदान जवळपास, भाग जातो का हे पाहायचं असतं.

शिवारकर, तुमचा १६ मेगाहर्ट्‌झ ९६०० ला अगदी योग्य आहे. १०३ टाकल्यावर प्रत्यक्षात ९६१५ येतात, चूक ०.१६ टक्के.

चौथा_थर

मास्तर, एक शंका. १६ मेगाहर्ट्‌झवर ११५२०० ला यूबीआरआर ७.६८ येतो. ८ धरला तर प्रत्यक्षात १,११,१११ बॉड, साडेतीन टक्के चूक. मग ऊनोवर ११५२०० कसं चालतं?

जुना_मास्तर

चांगला प्रश्न. तिथे यू२एक्स० हा डबल स्पीडचा बिट लावलेला असतो. मग सूत्रात १६ च्या जागी ८ येतात, यूबीआरआर १६ धरला जातो आणि प्रत्यक्ष बॉड १,१७,६४७ येतो. चूक २.१ टक्के. ही देखील डेटाशीटच्या शिफारशीबाहेर आहे. पण बोर्डावरची यूएसबीची १६यू२ आयसीसुद्धा १६ मेगाहर्ट्‌झवरच चालते आणि तोच भागाकार करते, त्यामुळे दोघींची चूक एकाच दिशेला सारखीच होते आणि त्या एकमेकींना बरोबर ऐकतात. तीच ३२८पी, त्याच कोडसह, अचूक ११५२०० बोलणाऱ्या एखाद्या मॉड्यूलला जोडली की अधूनमधून अक्षरं बिघडायला लागतात.

तांबडी_माती

उत्तम चर्चा, वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

अवांतर : एसटीएम३२ (दुसऱ्या घराण्यातला मायक्रोकंट्रोलर) वाल्यांसाठी. एफ१०३ वर यूएसएआरटी१ (तिथलं पहिलं सिरियल पोर्ट) हे एपीबी२ या आतल्या, वेगळा क्लॉक असलेल्या बसवर आहे आणि २ व ३ एपीबी१ वर. ७२ मेगाहर्ट्‌झ भागिले ११५२०० म्हणजे बरोबर ६२५, सुटसुटीत. पण एपीबी१ ३६ वर असते, तिथे तोच आकडा टाकला तर बॉड अर्धा होतो. शिवाय पॅरिटी लावायची असेल तर वर्ड लेंग्थ ९ ठेवावी लागते, कारण तिथे पॅरिटीचा बिट त्याच लांबीत धरतात. ८ डेटा आणि इव्हन पॅरिटी हवी म्हणून ८ ठेवलं की डेटाचा वरचा बिट गळतो. मॉडबस या औद्योगिक सिरियल पद्धतीचं काम करताना हे हमखास आड येतं.

खटपट्या

त्याच धर्तीवर एक एव्हीआरची गोष्ट. एटीमेगा१६ किंवा ३२ चा जुना कोड ३२८पीवर आणताना यूआरएसईएल या बिटाकडे लक्ष ठेवा. जुन्या आयसींत यूबीआरआरएच आणि यूसीएसआरसी यांचा पत्ता एकच होता, आणि कोणता लिहायचा ते हा सातवा बिट सांगायचा. तो न लावता ८-एन-१ साठी ६ लिहिले की ते ६ थेट यूबीआरआरच्या वरच्या बाइटमध्ये जाऊन बसतात. ८ मेगाहर्ट्‌झवर खालचा बाइट ५१ असेल तर बॉड ९६०० वरून ३१५ वर येतो. ३२८पीमध्ये हे पत्ते वेगळे आहेत, तो बिटच नाही, आणि त्याच्या जागी मोड निवडणारा बिट आहे. म्हणून जुना कोड जसाच्या तसा डकवला तर इथेही घोटाळा. रीसेटनंतर ३२८पी मुळातच ८-एन-१ वर असते, यूसीएसआर०सीला हात लावला नाही तरी चालतं.

शिवारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्यूज वाचला, खरंच ६२ होता. एफएफ केला, एलईडी आता सेकंदाच्या ठेक्यावर लुकलुकतोय आणि टर्मिनलवर ९६०० ला सगळं नीट दिसतंय.

पुढचा टप्पा सिम८००एल, म्हणजे एसएमएस पाठवणारं मोबाइल मॉड्यूल. मॉड्यूल थेट ५ व्होल्टच्या आयसीला जोडू का? कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं जळेल.

मुक्ता_सं

थेट जोडू नका. हा मुद्दा लोक फार सहज घेतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सिम८००एलची सिरियल पातळी २.८ व्होल्टची आहे. तुमच्या टीएक्सचे ५ व्होल्ट तिच्या आरएक्सवर सोडणं चूक, हे सगळ्यांना माहीत असतं. उलट दिशेचं कोणी बघत नाही. ५ व्होल्टवर चालणारी ३२८पी ‘एक’ ओळखण्याची हमी देते ती पुरवठ्याच्या ०.६ पटीला, म्हणजे ३ व्होल्टला. मॉड्यूल देणार २.८. टेबलावर बहुतेक वेळा चालतं, कारण प्रत्यक्ष उंबरठा थोडा खाली असतो, पण हमी नाही. विहिरीवरच्या पेटीत हमी हवी.

माझा सल्ला असा : आयसी ३.३ व्होल्टवर चालवा. मग तिला ‘एक’ साठी १.९८ व्होल्ट पुरतात, मॉड्यूलचे २.८ भरपूर झाले. तुमच्या टीएक्सकडून मॉड्यूलच्या आरएक्सकडे जाताना १ के आणि ५.६ के चा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लावा, बरोबर २.८ मिळतील. पण ३.३ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्‌झ बसत नाही. डेटाशीटमधल्या आलेखात २.७ व्होल्टला १० मेगाहर्ट्‌झ आणि ४.५ ला २० आहेत, मध्ये सरळ रेषा. ३.३ ला सव्वातेराच्या आसपास मर्यादा येते. म्हणून मास्तरांचा ११.०५९२ इथे चपखल बसतो. ९६०० ला यूबीआरआर ७१, चूक शून्य. लो फ्यूज तोच एफएफ राहील. एफ_सीपीयू तेवढा बदलायला विसरू नका.

मॉड्यूलचा पुरवठा मात्र वेगळा हवा. तिला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्कशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढते. ३.३ च्या रेग्युलेटरवरून किंवा यूएसबी-टीटीएलवरून तिला जगवायचा प्रयत्न करू नका. व्होल्टेज क्षणभर पडतं, मॉड्यूल रीस्टार्ट होतं, आणि आपण मात्र बॉड रेट तपासत बसतो. लिथियमचा एक १८६५० सेल किंवा ४ व्होल्टचा दणकट बक कन्व्हर्टर घ्या आणि मॉड्यूलच्या पायांपाशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

बॉडचं म्हणाल तर ती सुरुवातीला ऑटोबॉडवर असते, म्हणजे समोरच्याचा बॉड स्वतःच ओळखते. आधी दोन-तीनदा नुसतं एटी पाठवा, ओके आलं की पुढचं. नंतर आयपीआर कमांडने ९६०० पक्का करून सेव्ह करा. प्रत्येक कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे १३, लागतो. एसएमएसचा मजकूर संपला की २६.

आणि हो, ही मॉड्यूल फक्त २जीवर चालते. जिओकडे २जी नाहीच, ते सिम घालून वाट बघू नका. तुमच्या शिवारात दुसऱ्या कोणाचा २जी टॉवर पकडतो ते आधी एखाद्या साध्या फोनवर पाहून घ्या.

जुना_मास्तर

११.०५९२ घेताय तर क्लॉक आणि बॉड खरोखर जुळले का ते स्वतः मोजून पाहा. ऑसिलोस्कोप लागत नाही. फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टीमीटर पुरतो.

कॅपिटल यू या रोमन अक्षराचा आस्की हेक्स ५५, म्हणजे बिटांत एकाआड एक शून्य आणि एक. सिरियलमध्ये सगळ्यात खालचा बिट आधी जातो. त्यामुळे स्टार्टचा शून्य, मग एक, शून्य, एक, शून्य... आणि शेवटी स्टॉपचा एक. मध्ये अंतर न ठेवता हेच अक्षर सतत पाठवत राहा. तारेवर अखंड चौकोनी लाट मिळते, आणि तिची फ्रिक्वेन्सी बॉडच्या बरोबर निम्मी असते. ९६०० ला ४८०० हर्ट्‌झ. मीटरवर ४७०४ ते ४८९६ च्या बाहेर आकडा गेला तर २ टक्क्यांची मर्यादा ओलांडली असं समजा. शिवारकरांच्या पहिल्या दिवशीच्या जोडणीवर हाच मीटर ३०० हर्ट्‌झ दाखवला असता.

शिवारकर

मास्तर, मीटरवर ४८०० ला ४८०० आले! पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून ११.०५९२ मागवून घेतला होता. मॉड्यूल जोडली, एटीला ओके आलं, आणि वीज आल्याचा पहिला एसएमएस भावाच्या फोनवर पोचला.

आता शेवटचा प्रश्न. विहिरीतल्या पाण्याची पातळी सांगणारी दुसरी ३२८पी स्टार्टरपासून दोनशे फुटांवर बसवायची आहे. हीच टीएक्स-आरएक्स वायर लांबवली तर चालेल का?

खटपट्या

नाही. टीटीएलची वायर एवढी लांब आणि शेजारी मोटरची केबल, म्हणजे स्टार्टर उचलला की डेटा गेलाच. आरएस-४८५ (लांब तारांसाठीची सिरियल पद्धत) करा, एकमेकांत पिळलेली जोडी वापरा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा आणि शेतातली उघडी वायर आहे म्हणून विजेच्या लखलखाटापासून संरक्षणाचे डायोड नक्की घाला. आयसी घेताना बघून घ्या : मॅक्स४८५ ही ५ व्होल्टची आहे, तुम्हाला ३.३ ची मॅक्स३४८५ लागेल.

कोडमध्ये एकच जागा जपा. पाठवून झालं की मॅक्स३४८५ चा डीई (पाठवणं चालू-बंद करणारा) पाय खाली आणावा लागतो. तो यूडीआरई०चा फ्लॅग बघून खाली आणू नका. तो फ्लॅग फक्त ‘बफर रिकामा झाला’ एवढंच सांगतो, शेवटचा बाइट तेव्हा शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो आणि ९६०० ला त्याला आणखी एक मिलिसेकंद लागतो. डीई लवकर पडला तर नेमकं शेवटचं अक्षर तुटतं. टीएक्ससी० (शेवटचा बिटही बाहेर पडल्याचा फ्लॅग) लागेपर्यंत थांबा. आणि पाठवायला सुरुवात करण्याआधी टीएक्ससी० मध्ये १ लिहून तो साफ करा, नाहीतर मागच्या वेळचाच लागलेला फ्लॅग दिसेल.

शिवारकर

समजलं. मॅक्स३४८५ च्या चार मागवतो आणि वायर टाकून झाली की इथेच कळवतो.